दुहेरी भिंतीचं भांडं

“एकदा उकळी आली की धा मिनिटांत गॅस बंद. घट्ट झाकण लावायचं आन् इसरून जायचं,” सरपंचाच्या खुर्चीत रेलून नानासो सांगत होते. “तासाभरात डाळ लोण्यागत. बाईमाणसानं गॅसपाशी उभं ऱ्हायाचं कामच न्हाई.”

ग्रामपंचायतीच्या खोलीतल्या बाकी सहाही पुरुषांनी माना डोलावल्या. सांगलीची एक संस्था गावातल्या दीडशे घरांना ही दुहेरी भिंतीची भांडी फुकट द्यायला तयार होती. पंचायतीचा ठराव तेवढा हवा होता. नमुन्याचं भांडं महिनाभर वापरायला सरपंचांच्या घरी दिलं होतं.

सरपंच नानासो नव्हते. सरपंच त्यांची बायको अंजना होती. कवठे महांकाळ तालुक्यातल्या या गावात सरपंच धरून सातजण निवडून आले होते. त्यात चौघी बायका, आणि चौघींच्या जागी त्यांचे नवरे बसत. ‘बायकास्नी स्वैपाकातनं सवड न्हाई,’ एवढ्यावर तीन वर्षं भागलं होतं. रजिस्टर सहीपुरतं घरोघर फिरून यायचं.

भांडं आल्यापासून अंजनाला रोज सकाळी एक मोकळा तास मिळू लागला. त्याचं काय करायचं तिला कळेना. पहिला आठवडा तिनं डबे घासण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात ती चक्क झोपली. तिसऱ्या आठवड्यात सहीसाठी रजिस्टर आलं, तेव्हा ती पहिल्या पानापासून वाचत बसली. पानोपानी लिहिलेलं होतं: अध्यक्षस्थानी सौ. अंजना. आपण आजवर चौतीस सभा चालवल्या, हे तिला त्या दिवशी समजलं.

आज नानासोंचं बोलणं संपायच्या आत ती खोलीत आली आणि खुर्चीजवळ येऊन थांबली.

“अगं, डाळ?” नानासो दचकले.

“झाकण लावून आलीया.”

“मग तिकडं कोण बघतंय?”

“कुणी बघायला लागत न्हाई. आवं, तुमीच सांगताय की. आता उठा, सभा चालू करायची हाय.”

ग्रामसेविका क्रांती खाली मान घालून पेन शोधू लागली. पेन तिच्या हातातच होतं. नानासो उठले. दुसरी खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून कपाटाला टेकून उभे राहिले.

अंजना खुर्चीत बसली आणि तिनं क्रांतीला ठराव वाचायला सांगितला. आता एकही मान डोलेना. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं आपापलं घर आलं होतं, आणि त्या घरातून पंचायतीकडं येणारी वाट.

“भांडं लय जड वाटतं,” सदस्य पल्लवीचा नवरा धुळा म्हणाला. त्याच्या शेजारी बसलेल्या बिरदेवच्या मते त्यात चव उतरत नव्हती. आणखी एकाला एकदम म्हाताऱ्या आईचे पडलेले दात आठवले; तिला ही डाळ चावायची नाही म्हणे. मघाची लोण्यासारखी डाळ बघता बघता कच्ची राहू लागली. शेवटी कपाटाजवळून नानासोच बोलले, “गावाला ह्याची काय गरज न्हाई. नामंजूर करा.”

“व्हय, व्हय. नामंजूर!”

बावीस वर्षांच्या संसारात अंजनानं चारचौघांत नवऱ्याचा शब्द खोडला नव्हता. तिनं रजिस्टर क्रांतीपुढं सरकवलं.

“बरं. नामंजूर लिवा, मॅडम,” ती म्हणाली. “पर म्होरं कारण बी लिवा, आन् कारण सांगणाऱ्याचं नाव. कागद बाहीरच्या फळ्यावर लावायचा हाय, समद्या घरच्या बायका वाचत्याल. महिनाभर मी त्यात शिजवतीया. डाळ कच्ची ऱ्हात न्हाई, चव जात न्हाई, आन् भांडं उचलतीया मी, तुमी न्हवं. ते सोडून जे खरं कारण आसंल, ते सांगा.”

क्रांतीनं कागदावर पेन टेकवलं आणि धुळाकडं पाहिलं. धुळानं बिरदेवकडं पाहिलं, बिरदेवनं नानासोंकडं. नानासो कपाटाची कडी नीट करू लागले.

खरं कारण सातही पुरुषांना पाठ होतं. पण नाव घालून लिहायला एकही जण तयार होईना. ठराव एकमतानं मंजूर झाला.