पाच पायऱ्या

साहेब, धंतोलीत दवाखान्यांसमोरच्या फूटपाथला रॅम्प करा म्हणून आमच्या सेवा क्लबने तुम्हाला महापालिकेत सतरा पत्रं लिहिली. तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाही.

गुरुवारच्या बैठकीत अठरावं लिहायला बसलो. अध्यक्ष रोशनभाऊंनी घंटा वाजवली, तुम्हाला मनसोक्त झोडपलं, टाळ्या मिळवल्या. मग म्हणाले, "आजच्या पाहुण्या सुभद्राबाई. व्हीलचेअरवर डायलिसिसला येतात. पुढचं त्याच सांगतील."

पाहुण्या दिसेनात. दाराबाहेरून आवाज आला, "मी खालीच बसून राहिली गा भाऊ. कवाची तुमच्या टाळ्या ऐकून राहिली. तुमच्या हॉलच्या ह्या पाच पायऱ्या कशा चढू मी?"

रोशनभाऊ घंटा घेऊन खाली उतरले, मागून आम्ही खुर्च्या घेऊन. उरलेली बैठक फाटकापाशी झाली.

सुभद्राबाई म्हणाल्या, "साहेबाले मंग लिहिजा. पहिले ह्या पायऱ्यांचं पाहा."

पुढच्या गुरुवारी त्या स्वतः चाकं फिरवत वर आल्या. घंटा त्यांनीच वाजवली आणि हे अठरावं पत्रही त्यांनीच सांगितलं: "आमची चूक आमाले दिसली, तर आठ दिवसांत रॅम्प झाला. तुमचा काहून होत नाही, तेवढं सांगा."