दोन मिनिटं बंद

सकाळपासून तिसऱ्यांदा घरातला कॉम्प्युटर हँग झाला आणि दिगंबरचा श्वास थांबला. मानेचा मणका मोडल्यापासून त्याचा मेंदू आणि छाती यांना हा कॉम्प्युटरच जोडत होता. शालनने रबरी पिशवी दाबून नवऱ्याला हवा दिली.

"प्रोसेसरला व्होल्टेज जास्त जातंय, वहिनी," दुरुस्तीला आलेली रेश्मा म्हणाली. "मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये ते कमी करते, वेगही उतरवते. पण दोन मिनिटं मशीन बंद राहील."

शालन पिशवी दाबत राहिली. दिगंबर तिच्याकडे टक लावून पाहत होता. अखेर स्क्रीन उजळला. त्याची छाती आपणहून वर आली.

"हात... दुखले... का?" त्याने विचारलं. वेग उतरल्यामुळे शब्दही आता सावकाश येत होते.

"नाही," शालन म्हणाली. पिशवी मात्र तिने खाली ठेवली नाही.