खिशातला सेल

चौकशी समिती खाली चहा घेत होती, तेवढ्यात पुष्करसरांनी प्रयोगशाळेचं दार आतून लोटलं. टेक्निशियन उत्तरेश्वरने अल्कोहोलचे थेंब द्रव नायट्रोजनमध्ये सोडून बनवलेले गोठलेले मणी अजून टाकीत होते. मण्यांतली अणुकेंद्रकं एकाच दिशेला वळवून त्यांच्यावर कणांचा मारा करायचा, या ध्यासापायी सरांची सहा वर्षं गेली. नायट्रोजन उडाला की खोलीतला ऑक्सिजन घटायचा आणि भिंतीवरचा अलार्म बोंबलायचा. "कटकट नुसती!" म्हणत सोमवारी सरांनीच त्यातला सेल काढून खिशात टाकला. बुधवारी उत्तरेश्वर मणी करताना गुदमरून गेला. सेलचं ठाऊक असलेला तो एकटाच. सरांनी सेल बसवला. अलार्म एकदा वाजून गप्प झाला. वळतात तो दारात उत्तरेश्वरची बायको उभी, हडपसरहून त्याचा डबा न्यायला आलेली. "वाजतंय की, सर. हे म्हणत होते, सेल तुमच्या खिशात हाय."