आठ हिवाळ्यांची लाट

शिहो माकाबेने आलेख चटईवर पसरला आणि टोकं वळू नयेत म्हणून त्यावर चार संत्री ठेवली. घराचे मालक, वेधशाळेचे निवृत्त निरीक्षक कुरिहारासान टाचांवर बसून पुढे वाकले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस अर्धा तास असा बसतो, हे बघून शिहोचेच पाय दुखायला लागले होते.

वेधशाळेतली त्यांची एकतीस वर्षं त्या कागदावर होती. पृथ्वीचं चुंबकत्व वर्षानुवर्षं कसं सरकत जातं, याची आठवड्यातून दोनदा हाताने घेतलेली मोजमापं. शिहोने ती संगणकात घालून चाळली होती. रोजचे चढउतार एकीकडे, सूर्यावरच्या वादळांचे धक्के दुसरीकडे, आणि तळाशी उरतो तो संथ बदल. तोच तिला हवा होता. पण चाळता चाळता एक भलतीच लाट हाती लागली.

"दर हिवाळ्यात फुगते," ती म्हणाली. "एकोणऐंशीला सुरू होते, आठ हिवाळे चालते आणि एकदम बंद."

"पृथ्वीच्या पोटातलं काही असेल."

"आमच्या सरांनाही तेच वाटतंय. शोधनिबंध तयार आहे, पहिलं नाव माझं आहे." शिहोने आलेखावर बोट ठेवलं. "पण ही लाट फक्त तुम्ही मोजलंत त्या दिवशी दिसते. दुसऱ्यांच्या पाळीला नाही."

कुरिहारासान ताठ झाले. जवळ जरासं लोखंड आलं तरी चुंबकत्वाचं मोजमाप बिघडतं, आणि त्या बाबतीत ते किती कडक होते, हे वेधशाळेत अजून सांगतात. मापनघर लाकडाचं, खिळे तांब्याचे. स्वतः पट्ट्याऐवजी दोरी बांधायचे, बटणं शिंपल्याची लावायचे. पाहणीला आलेल्या एका बड्या साहेबांना त्यांनी विजारीच्या हुकापायी थंडीत बाहेरच उभं ठेवलं होतं.

"माझ्या अंगावर लोखंड नव्हतं," ते म्हणाले. "आठ हिवाळे खोडायचे तर कारण दाखवून खोड."

"कारणच शोधतेय. ते नाही मिळालं तर सगळ्या नोंदी रद्द होतील."

त्यांची बायको तोमिए चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती आत येईना.

"अहो," ती म्हणाली, "कंबरेला बांधायची लोकरीची पट्टी आठवते? तिच्यात पाठीच्या बाजूला मी एक पुडी ठेवायचे. गरम राहणारी. तेव्हा बाजारात नवीनच आली होती."

"कसली पुडी?"

"मापनघरात शेगडी चालायची नाही. घरी आलात की पाठ धरून बसायचात. पुडी दिसली असती तर तुम्ही घातली नसतीत, म्हणून आतून खिसा शिवला. लोकर फार छान आहे म्हणायचात, मी हो म्हणायचे."

"त्या पुडीत लोखंडाची पूड असते," शिहो हळूच म्हणाली. "ती गंजताना ऊब देते."

कुरिहारासान बायकोकडे वळले. "मग बंद का केलंस?"

"त्या वर्षी मला चष्मा लागला. पुडीच्या मागची बारीक अक्षरं वाचली."

"आणि सदतीस वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला असता. वेधशाळेतलं कोणी घरी आलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. आजही झालं." शिहोने उठून तोमिएच्या हातातला ट्रे घेतला.

"दिलाच असता," कुरिहारासान म्हणाले. मग त्यांना हसू आलं, आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. "पृथ्वी केसभर हलली तरी मला कळायचं. माझ्याच पाठीवर काय आहे ते कळलं नाही."

शिहोने चहा तसाच ठेवला आणि संगणक उघडला. कारण कळलं होतं, म्हणजे लाट वजा करता येणार होती. तिने ती वजा केली. खाली संथ बदलाची रेघ उरली, एकतीस वर्षांची, कुठेही न तुटलेली. शोधनिबंध मात्र गेला. सरांना काय सांगायचं याचा विचार तिने उद्यावर ढकलला. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या स्वच्छ रेघेकडे बघताना ती खूश होती.

"नोंदी राहतील," ती म्हणाली. "फक्त दुरुस्तीच्या कागदांवर मूळ निरीक्षकाचा शिक्का लागेल. हिवाळ्याला एक, असे आठ कागद. कारण काय लिहू?"

"पुडी लिही. दुसरं काय लिहिणार?"

त्यांनी खणातून सहीऐवजी उमटवायचा आडनावाचा शिक्का काढला, लाल शाईवर टेकवला आणि बायकोपुढे धरला.

"तू मार. आडनाव तुझंही तेच आहे."

तोमिए कागदांपाशी बसली. पहिला शिक्का उमटला, दुसरा उमटला. तिसरा तिने हलकाच टेकवला आणि 'कुरिहारा' अर्धंच आलं.

"नीट दाबून मार," ते म्हणाले. "त्या आठ हिवाळ्यांत माझी पाठ एकदाही दुखली नव्हती."