हिरव्या झाकणाचा डबा

डब्यात दारूच्या तीन बाटल्या होत्या. शिंपिणीने झाकण लावलं, पुन्हा उघडलं. बाटल्या तिथेच होत्या.

हिरव्या झाकणाचा डबा काचेसाठी. प्रत्येक घराला वेगळा, वर घराचा नंबर रंगवलेला. नंबर तिच्याच घराचा होता. कचऱ्याची गाडी येण्याआधी डबा फाटकाशी न्यायला ती खाली आली होती. नवऱ्याने पिणं सोडलं तेव्हा तिने त्याला बजावलं होतं, "पुन्हा एक जरी बाटली दिसली तर बॅग भरून दारात ठेवीन." आणि ती उगाच बोलायचं म्हणून बोलणारी बाई नव्हती.

वर येऊन तिने बॅग काढली. नवरा वायरमन होता, कामावर निघण्याआधी खिडकीशी चहा पीत बसला होता. तिने एकेक कपडा बॅगेत कोंबायला सुरुवात केली. निळा शर्ट मात्र तिने नीट घडी घालून तळाशी ठेवला. पिणं सोडलेली माणसं दर आठवड्याला एकत्र बसत, एकमेकांना धीर देत. त्या बैठकीला तो हाच शर्ट घालून जायचा, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा.

"अगं, मी घेतलेली नाही," तो म्हणाला.

"आधीही असंच म्हणायचात."

आधी तो खरंच असंच म्हणायचा. त्याने कप खिडकीत ठेवला, बॅग उचलली आणि खाली उतरून गेला.

तिने रडायचं नाही असं ठरवलं आणि हाताला काम म्हणून तो कप उचलला. तळाशी साखर, बाहेरून ओघळ. संसाराला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचा कप कधी विसळला नव्हता. नळाखाली कप धरून ती पुटपुटत होती, आणि पुटपुटता पुटपुटता तिने कप खाली ठेवला.

डब्यातल्या बाटल्या तर चकाकत होत्या.

ती धावतच जिना उतरली. शेवटच्या पायरीवर नवरा बॅग मांडीवर घेऊन बसला होता. कुठे जायचं हे त्यालाही ठाऊक नसावं. त्याला ओलांडून ती डब्याशी गेली. एकेक बाटली उजेडात धरली. आत थेंब नाही. झाकणं काढलेली. वरचा कागद भिजवून, खरवडून काढलेला, बोटाला डिंकही चिकटणार नाही इतका साफ. कप न धुणारा माणूस बाटली धुणार? तीही चोरून प्यायलेली?

अख्ख्या इमारतीत असं करणारं माणूस एकच होतं. समोरच्या दारातल्या नियमकाकू. हे नाव पोरांनी ठेवलेलं, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीही तेच बसलं होतं. कोणता कचरा कुठल्या डब्यात, हे काकूंना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. मागच्याच आठवड्यात त्यांनी शिंपिणीची जामची बरणी डब्यातून काढून तिच्या दारात आणून ठेवली होती. "आत मुंग्यांचं लग्न लागलंय. धुऊन टाकत जा!" असं जिन्यातून ओरडल्याही होत्या. दोघींची तेव्हा चांगलीच जुंपली होती.

शिंपिणीने तिन्ही बाटल्या उचलल्या आणि ती पुन्हा जिना चढून वर आली. आता वचावचा भांडायचं, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, असं ठरवूनच तिने काकूंच्या दारावरची बेल दाबली. या बाईपायी तिने स्वतःच्या नवऱ्याला घराबाहेर काढलं होतं.

दार उघडलं.

"या तुमच्या."

"कशावरून?" काकूंचा आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"धुतलेल्या आहेत."

काकूंनी बाटल्यांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पेपरमिंटचा वास आला. तो वास शिंपीण कुठेही ओळखू शकली असती. नवरा पिणं लपवायचा तेव्हा कित्येक वर्षं ती त्याच वासाशेजारी झोपली होती. आत एकच खुर्ची, एकच ताट, आणि खिडक्या भर सकाळी बंद. घसा तापवून आणलेलं भांडण तिथेच विझलं.

"तुमच्या डब्यात दिसल्या असत्या तर कुणाला नवल वाटलं नसतं," काकू खाली बघत म्हणाल्या. "माझ्या डब्यात... मी लोकांना काय तोंड दाखवणार होते?"

"आणि तुम्ही त्या धुतल्या!"

"न धुता कशा टाकणार?" काकू म्हणाल्या आणि दाराची कडी धरून रडायला लागल्या.

शिंपिणीला राग आला होता, तो अजून गेला नव्हता. पण त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटत होती. मागे पायरी वाजली. नवरा बॅग घेऊन वर आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आता हा काकूंना फाडून खाणार, नाहीतर मला, असं तिला वाटलं. तिची हरकत नव्हती.

त्याने तिच्या हातातल्या बाटल्या काढून घेतल्या आणि रिकाम्या हातात बॅग दिली.

"तू भरलीस, तूच रिकामी कर," तो म्हणाला. "निळा शर्ट आधी काढ. आज बैठकीला काकूंना घेऊन जायचंय."