जरा जास्त पुदिना

लेकीचं जमत आलेलं लग्न टेलरमास्तरांनी मोडलं, त्या सालचा उन्हाळा. दर उन्हाळ्यात एका रविवारी सगळा गोतावळा मास्तरांच्या अंगणात जमायचा. त्या वर्षी प्यायला फक्त सरबत असणार होतं.

आई सकाळपासून कामाला लागली होती. गवती चहा उकळून गार करत ठेवला होता. कलिंगडाचा रस ती मलमलीच्या तुकड्यातून पिळत होती. लेक शेजारी बसून संत्र्यांच्या बिया काढत होती. एक जरी बी दाताखाली आली तर बाबा अख्खं पातेलं मोरीत ओततात, हे दोघींना माहीत होतं.

"आई, पुदिना फार होतोय."

"होऊ दे. त्यांना मिळमिळीत चालत नाही."

तेवढ्यात मास्तर आलेच. पळीभर चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे काय? तान्ह्या पोराला पाजायचंय का? आलं घाल अजून. जिभेला कळू दे काहीतरी."

"घालते."

"सांगितल्याशिवाय काही सुचत नाही. आई तशी लेक. काजं तेवढी सरळ करते, म्हणून खपवून घेतोय."

मास्तर प्यायचे तेव्हा गरीब गाय होते. कापडाच्या गठ्ठ्यावर झोपून जायचे, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तिला राजवाडा देऊन टाकायचे. हिवाळ्यात दारू सुटली आणि जीभही सुटली. छापखान्यातल्या मुलाची माणसं लग्नाचं बोलायला आली, तर त्यांना उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नाही. "दुकानात काजं-बटणं कोण करणार? मी शुद्धीवर आहे तोवर ही पोरगी या घरातून हलणार नाही." लेक रडली. आई रात्रभर तिच्या उशाशी बसली. शेजारपाजारचे म्हणाले, दारू सुटली ना, मग देव पावला म्हणा.

दारू सुटली होती ती गोळीनं. हे फक्त तिघांना माहीत होतं. डॉक्टरांनी मायलेकींना समोर बसवून बजावलं होतं: ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर माणूस तडफडेल, आणि यांचं हृदय आधीच दुबळं आहे, ते सोसायचं नाही. घरादाराला सांगून ठेवा. दवाखान्याची पायरी उतरताच मास्तर म्हणाले, "कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही. मी मनाच्या जोरावर सोडली. दोघींना माझ्या गळ्याची शपथ."

तेव्हापासून आई रोज सकाळी स्वतःच्या हातानं गोळी देई आणि नवऱ्याच्या हातात जाणारा प्रत्येक पेला आधी हुंगून बघे.

दुपारपर्यंत अंगण भरलं. धाकटा काका ट्रक घेऊनच आला. त्याच्या खिशात चपटी बाटली कायमची. भावाच्या पेल्यात धार धरल्याशिवाय त्यानं स्वतःच्या पेल्यात कधी ओतली नव्हती. पहिली धार दादाला, हा त्याचा नेम.

"वहिनी, आमचा दादा पार सुकला हो. पूर्वी हसायचा तरी."

"भावजी, सगळ्यांसमोर सांगते, खिशातलं बाहेर काढायचं नाही."

"तुम्ही पोलिसातच भरती व्हायला हवं होतं."

सगळे हसले. मास्तर नाही हसले. "बर्फ फोडायला या जरा आत," आई म्हणाली, आणि काका मान खाली घालून तिच्या मागे गेला. आतून बर्फाचे घाव ऐकू येत राहिले. परत आला तो ट्रे घेऊन, तोंड बंद करून.

"वहिनीनं चांगलंच झापलेलं दिसतंय," आत्या लेकीच्या कानात म्हणाली. लेकीला बरं वाटलं. बाप कसाही असला तरी बापच.

काकानं पेले वाटले. दादाचा पेला पुढे केला, तसा आईनं तो मध्येच हातात घेतला, नेहमीसारखा नाकाशी नेला आणि नवऱ्याला दिला.

"घ्या. नुसता पुदिना आहे."

मास्तरांनी घोट घेतला. थांबले. आणखी एक घेतला.

"आज जमलंय हिला," ते म्हणाले.

लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत तिचं कौतुक झालं. पेला रिकामा झाला. त्यांनी दुसरा मागितला, काकानं तोही आणून दिला.

मग मास्तरांचा चेहरा लालभडक झाला. ते छाती धरून खुर्चीतून घसरले. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी पेल्याचा वास घेतला आणि विचारलं, "गोळी चालू असताना यांना दारू कुणी पाजली?"

"गोळी? कसली गोळी?" काका म्हणाला.

सगळे त्याच्या खिशाकडे बघत होते.

"मी तर सगळ्यांसमोर सांगितलं होतं," आई म्हणाली, आणि आत्याच्या गळ्यात पडून रडली.

रात्री अंत्यविधी उरकले, अंगण रिकामं झालं. लेक आत्यासाठी आत उशी आणायला गेली होती. स्वयंपाकघरातून काकाचा आवाज आला.

"वहिनी, बर्फ फोडताना तुम्हीच म्हणालात ना, थोडी घाला, पुदिन्यात कळणार नाही, माणूस जरा हसेल तरी. गोळीचं एका शब्दानं का नाही सांगितलं?"

"शपथ होती, भावजी. आणि आता तुम्ही कुणाला काय सांगणार? हात तुमचा होता."

लेक उशी घेऊन तशीच मागे फिरली. पावसाळा सरता सरता छापखान्यातल्या मुलाशी तिचं लग्न झालं. टेलरमास्तर त्या रविवारी दिवस मावळायच्या आत वारले, आणि धाकटा काका पुढच्या हिवाळ्यात, उभ्या ट्रकमध्ये, पिऊन पिऊन.