पाठीवरची खाच

“घासा, नानासाहेब,” भिकन म्हणाला. “पार आतपर्यंत घासा.”

सराफ्यातल्या त्या चिंचोळ्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हाताऱ्या नानासाहेब सोनारांनी बिरोबाचा टाक तळहातावर घेतला, उलटा केला, आणि पाठीवरची खाच पाहून चष्म्यावरून भिकनकडे बघितलं. काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण भिकनला कुठला धीर!

“बोलू मागून. आधी तेजाब काढा.”

त्या एवढ्याशा खाचेने तीन दिवस त्याची झोप उडवली होती. घरात चांदीचे टाक दोनच, खंडोबा आणि बिरोबा. कन्नडकडच्या गावी आजोबांपासून एकाच देव्हाऱ्यात नांदलेले. भिकनने शहरात घर बांधलं, तेव्हा थोरल्या भावाने, कडुबाने, देव वाटले. वाटले कसले, लाल फडक्यात बांधलेला बिरोबा सरळ त्याच्या हातात ठेवला. “ह्यो तुझा,” म्हणाला, आणि नजर चुकवून मेंढरांकडे निघून गेला. घरी येऊन फडकं सोडलं तर देवाच्या पाठीवर कानशीची ताजी खाच, आणि खाचेत तेजाबाचा काळा डाग.

तो डाग कसला, हे भिकनला कुणी सांगायला नको होतं. वाळूजच्या एका कारखान्यात बारा वर्षं तो तांब्यावर चांदीचा मुलामा चढवत होता. वरच्या चकाकीखाली तांबं किती बेमालूम लपतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! दादाने दोन्ही टाक पारखून घेतले, अस्सल स्वतःला ठेवला आणि मुलाम्याचा आपल्या गळ्यात मारला, असं त्याच्या मनाने उभ्याउभ्या ठरवून टाकलं.

कारखान्यात नेऊन तपासणं त्याला अवघड नव्हतं. पण देवाच्या अंगाला कानस लावायला हात धजेना. म्हणून बापाच्या वेळेपासूनच्या या सोनाराकडे तो आला होता. उद्या नव्या घराची वास्तुशांत. तेजाबाने हिरवा फेस आला, म्हणजे आत तांबं निघालं, तर दादाने त्या घराचा उंबरा चढायचा नाही.

खिशात फोन थरथरला. दादाचा. सकाळपासूनचा पाचवा. भिकनने तो कापला.

नानासाहेबांनी खाच आणखी खोल घासली आणि काचेच्या कांडीने तेजाबाचा एक थेंब तिच्यात सोडला. उग्र वास नाकात शिरला. भिकनचा पाय स्टुलाखाली एकसारखा हलत होता. आता उसळेल, आता उसळेल. पण हिरवं काही दिसेना. नानासाहेबांनी वर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला, तशी ती खाच मेंढीच्या दुधासारखी दाट पांढरी झाली.

“चांदी हाय,” नानासाहेब म्हणाले. “आतून-बाहेरून.”

खरं सांगायचं तर भिकनला आनंद झालाच नाही. उलट चीड आली. तीन दिवस जपलेला राग आता ठेवायचा कुठं?

“मंग दादानं खाच कशापायी घातली?”

“त्यानं नाय, मी घातली. सोमवारी. तेच सांगत व्हतो, तर तू बोलू देशील तवा ना! दोनी टाक घेऊन आला व्हता तो. ह्यो असाच पांढरा झाला. खंडोबाच्या पाठीवर थेंब टाकला, अन् हिरवा फेस उसळला. मुलामाच व्हता वरवर. तुझ्या आज्याला कुणीतरी फसवलं असंल.”

भिकनचा हलणारा पाय थांबला. खिशात फोन पुन्हा थरथरू लागला. या वेळी त्याने तो कापला नाही.

“मंग... दादा काय म्हणला?”

नानासाहेबांनी बिरोबा पाण्यात धुतला, सावकाश पुसला आणि लाल फडक्यावर ठेवला.

“खंडोबा कपाळाला लावून खिशात ठेवला त्यानं. म्हणला, धाकट्याला सांगू नका. त्याचा सारा जलम मुलामा चढवण्यात चाललाय, त्याच्या घरात देव तरी आतून-बाहेरून चांदीचा असू द्या.”